लेझीम आणि पडद्यावरचा ताल

जानेवारी महिना उजाडला की सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील अनेक शाळांच्या पटांगणांवर एक परिचित नाद ऐकू येऊ लागतो. सकाळची थंडी अंगाला झोंबत असते, कृष्णाकाठच्या उसाच्या फडांवर धुके रेंगाळत असते, आणि तशात शेकडो लेझमी एकाच क्षणी उघडतात व एकाच क्षणी मिटतात. प्रजासत्ताक दिनाची ती तयारी असते. शिक्षक शिट्टी फुंकतात, ‘चौ आवाज’ अशी आज्ञा होते, एका बाजूस उभा असलेला हलगीवाला ठेका धरतो, आणि आतापर्यंत अस्ताव्यस्त दिसणारा मुलांचा समुदाय पाहता पाहता एका लयीत डोलू लागतो.

लेझीम हे साधन अगदी साधे आहे. हातभर लांबीचा एक लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांस जोडलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या आणि साखळीच्या मध्यावर धरावयास एक मूठ, एवढाच तिचा पसारा. मूळ शब्द फारसी. पूर्वी तालमीत जी लेझीम असे, ती धनुष्याच्या आकाराची आणि चांगली जड असे. बाहूंत बळ यावे म्हणून पहिलवान ती ओढीत. पुढे ती हलकी झाली आणि व्यायामाला नादाची जोड मिळाली. तिच्या हातांना आजही ‘आदि लगाव’, ‘पवित्रा’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ अशी नावे आहेत. ती ऐकली म्हणजे तिचे मूळ आखाड्यात आहे हे चटकन ध्यानात येते. अनेकांनी एकत्र, अंक मोजून व्यायाम करावा ही कल्पना या भागात चांगलीच रुजलेली आहे. सातारा जिल्ह्यातील औंध हे पूर्वी एक लहानसे संस्थान होते. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कारांचा प्रसार मोठ्या आस्थेने केला होता.

२६ जानेवारी २०१४ रोजी सांगली शहरात सात हजारांहून अधिक जणांनी एकाच वेळी लेझीम खेळून दाखविली. सांगली शिक्षण संस्थेने घडवून आणलेल्या या खेळाची नोंद गिनेसच्या जागतिक विक्रमांच्या पुस्तकात झाली. सात हजार हा आकडा उच्चारावयास सोपा आहे. परंतु एवढ्या लोकांनी एका ताली हात हालविणे किती अवघड, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते.

ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. पटांगण १०० मीटर लांब असेल, तर एका टोकाला वाजलेली हलगी दुसऱ्या टोकाच्या मुलाला सुमारे तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येते. आता मिनिटाला १२० ठोके पडत आहेत असे धरले, तर दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. म्हणजे शेवटच्या रांगेतील मुलगा केवळ कानावर विसंबून राहिला, तर तो अर्ध्या ठोक्याहूनही अधिक मागे पडणार. बिचाऱ्याची चूक काहीच नसते. तो ऐकतो त्या क्षणी अगदी बिनचूक हात टाकतो. पण तो ऐकतो तेच शिळे असते. शिवाय त्याच्या लेझमीचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत यावयास पुन्हा तितकाच वेळ लागतो, आणि मग पुढची मुलेही गोंधळतात.

यावर अनुभवी शिक्षकांजवळ एक जुना उपाय असतो. ते एखाद्या तरबेज मुलाला उंच जागी उभे करतात आणि बाकीच्यांना सांगतात, ‘कान बाजूला ठेवा, याच्या हाताकडे पाहा.’ प्रकाशाला असा उशीर होत नाही. पुढच्याचा हात वर गेला की मागच्याचा जातो, शेजाऱ्याचा पाय वळला की आपला वळतो, आणि ताल रांगेतून डोळ्यांच्या वाटेने पसरत जातो. ज्या मुलाला ताल मुळीच कळत नाही असे सर्वांना वाटत असते, तोही दोन चांगल्या खेळाडूंच्या मध्ये उभा राहिला की आठवड्याभरात सुधारतो. लेझीम शिकविण्याच्या पद्धतीतील ही फार मोलाची गोष्ट होय.

पटांगणावरची ही उशिराची अडचण अगदी निराळ्या ठिकाणी, म्हणजे घरातील दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर, पुन्हा उभी राहिली. संगीताच्या तालावर खेळावयाचे व्हिडिओ गेम प्रथम जपानात लोकप्रिय झाले. १९९६ साली ‘पाराप्पा द रॅपर’ हा खेळ निघाला. १९९८ साली कोनामी या कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ बाजारात आणला. त्यात खेळणाऱ्याच्या पायांखाली चार बाणांची एक पाटी असते. पडद्यावर बाण सरकत येतात आणि गाण्याच्या ठोक्यावर तो बाण पायाने दाबावयाचा असतो. अमेरिकेत २००५ साली ‘गिटार हीरो’ आणि २००७ साली ‘रॉक बँड’ हे खेळ आले. यांत खेळण्यातली गिटार हाती घ्यावयाची, तिला तारांऐवजी रंगीत कळा असतात. पडद्यावरून रंगीत ठिपके खाली येतात, आणि ठिपका रेषेवर पोचताच त्या रंगाची कळ दाबावयाची. नेम साधला तर गाण्यातील गिटार वाजते. चुकला तर ती तेवढ्यापुरती मुकी होते.

या ठिपक्यांचे नाते संगीताच्या लिपीशी आहे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी गायन शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि गुरूच्या तोंडून ऐकून शिकावयाची विद्या कागदावर उतरावी म्हणून स्वर व ताल लिहिण्याची एक पद्धत तयार केली. कागदावरील लिपी स्थिर असते. विद्यार्थी अडखळला तर ती त्याच्यासाठी थांबते. पडद्यावरची लिपी मात्र धावत असते आणि कोणासाठीही थांबत नाही. हेच तिचे आकर्षण आणि हाच तिचा निर्दयपणाही. अशा खेळात ठोक्याच्या मागेपुढे एका सेकंदाचा सुमारे दहावा भाग, कित्येकदा त्याहूनही कमी, एवढीच सवलत मिळते.

इतके सूक्ष्म मोजमाप सुरू झाल्यावर एक घोटाळा उघडकीस आला. जुन्या काचेच्या दूरचित्रवाणी संचावर चित्र तत्काळ उमटे. नंतर आलेल्या सपाट पडद्यांना चित्र तयार करून दाखवावयास सेकंदाचे काही शतांश भाग अधिक लागू लागले. आवाज एका वेळी, चित्र दुसऱ्या वेळी, आणि खेळणारा मधल्या मध्ये गुन्हेगार! तेव्हा या खेळांत एक व्यवस्था करण्यात आली. आरंभी खेळणाऱ्याने ठोका ऐकून काही वेळ कळ दाबावयाची. यंत्र त्याचा व पडद्याचा उशीर मोजते आणि पुढे गुण देताना तो वजा करते. पटांगणावर जो उशीर शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून भरून निघतो, तो येथे वजाबाकीने भरून निघतो. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्यच आहेत. फरक इतकाच की वजाबाकीला शेजारी लागत नाही.

अशा खेळांना डिस्को प्रकारची गाणी विशेष मानवतात. डिस्को हे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांतून वाढलेले संगीत आहे. त्यात मोठ्या ढोलाचा ठोका प्रत्येक मात्रेवर पडतो, चारांपैकी एकही मात्रा रिकामी राहत नाही, आणि गती बहुधा मिनिटाला १२० च्या आसपास असते. नवशिक्यालाही तो ताल सहज सापडतो. १९७७ साली ‘बी जीज’ या गायकबंधूंचे ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना त्यांच्या ढोलवादकाला घरच्या आजारपणामुळे निघून जावे लागले. तेव्हा त्याने आधी दुसऱ्या गाण्यासाठी वाजविलेला एक लहानसा तुकडा ध्वनिफितीवरून कापून घेण्यात आला, त्याची दोन टोके जोडून गोल करण्यात आला आणि तोच पुन्हा पुन्हा फिरविण्यात आला. माणसानेच वाजविलेला, परंतु यत्किंचितही न बदलणारा असा तो ताल झाला.

या गाण्याचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. एखाद्याची हृदयक्रिया अकस्मात बंद पडली, तर वैद्यकीय मदत येईपर्यंत त्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावयाचा असतो. घाबरलेल्या माणसाला ही गती घड्याळाविना साधणे कठीण जाते. ‘स्टेइंग अलाइव्ह’ची गती मिनिटाला सुमारे १०३ ठोके आहे. म्हणून अमेरिकेत प्रथमोपचाराचे शिक्षण देताना हे गाणे मनात म्हणावयास सांगतात. तालाचे ज्ञान करमणुकीपलीकडेही उपयोगी पडते, याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

डिस्को फार दिवस टिकणार नाही असे पुष्कळांना वाटत होते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागो येथील क्रीडांगणावर तर या गाण्यांच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवून देण्यात आला. परंतु त्याच सुमारास हा ताल भारताकडे निघाला होता. १९८० सालचा ‘कुर्बानी’, १९८१ सालची ‘डिस्को दिवाने’ ही ध्वनिमुद्रिका आणि डिसेंबर १९८२ मधील ‘डिस्को डान्सर’ यांनी तो आपल्या गावोगावी नेला. योगायोग असा की, त्याच्या आधीच्याच महिन्यात, १९ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्‌घाटनसमारंभात महाराष्ट्राची लेझीम साऱ्या देशाने पाहिली. दोन्ही तालांना एकाच हिवाळ्यात देशभर प्रेक्षक लाभले, आणि दोघांचे परस्परांवाचून काही अडलेही नाही.

पूर्वी खेळ विकत घेतला म्हणजे त्यातील गाणी ठरलेली असत. ‘रॉक बँड’ने त्यात मोठा बदल केला. मधली काही वर्षे सोडली तर २००७ पासून जानेवारी २०२४ पर्यंत दर आठवड्यास नवी गाणी इंटरनेटवरून डाउनलोड करावयास मिळत. एका गाण्याचे मोल साधारण दोन डॉलर. या रीतीने जमलेल्या गाण्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. आजोबांच्या तरुणपणी गाजलेले गाणे नातवाने घरबसल्या मागवावे आणि त्यावर हात साफ करावा, हे अशा खेळांमुळे शक्य झाले. ‘जस्ट डान्स’ या २००९ पासून चाललेल्या नृत्याच्या खेळात १९७८ सालचे ‘रास्पुतिन’ हे डिस्को गाणे घेण्यात आले, आणि ते निघाले तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशी मुले त्यावर नाचली.

तथापि डाउनलोड केलेले गाणे म्हणजे पेटीत ठेवलेली तबकडी नव्हे. खेळात गाणे घालावयाचे तर ते रचणाऱ्याची आणि ते ध्वनिमुद्रित करणाऱ्याची, अशा दोघांची परवानगी लागते. ही परवानगी बहुधा काही वर्षांपुरती असते. मुदत संपली की गाणे दुकानातून उचलले जाते. ज्याने आधी पैसे भरले त्याला ते सामान्यतः वापरता येते. परंतु यंत्र बिघडले अथवा दुकानच बंद झाले तर तोही अडचणीत येतो. २०१५ साली निघालेला ‘रॉक बँड ४’ हा खेळ परवान्यांची मुदत संपल्यामुळे २०२५ साली विक्रीतून काढून घेण्यात आला. त्याआधी ‘गिटार हीरो’ची गत निराळ्या कारणाने तशीच झाली होती. एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, घरोघरी प्लास्टिकच्या गिटारींची अडगळ साचली, लोक कंटाळले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये कंपनीने ते काम थांबविले. एका चांगल्या कल्पनेचा हव्यासापायी असा चुथडा व्हावा, याचे वाईट वाटते.

मग या खेळांचे पुढे काय होणार? जे खेळ नुसती कळ दाबावयास लावतात त्यांचा मुलांना लवकर विटाळा येतो, आणि ज्यांत काही खरी विद्या हाती लागते ते अधिक टिकतात, असे आतापर्यंतच्या अनुभवावरून म्हणता येते. २०११ साली निघालेल्या ‘रॉकस्मिथ’ या खेळात खेळण्यातली नव्हे, खरीच गिटार यंत्राला जोडावी लागते. जपानातील ‘ताइको नो तात्सुजिन’ हा खेळ २००१ पासून चालू आहे. ताइको म्हणजे जपानच्या देवळांत आणि जत्रांत वाजणारा मोठा ढोल. खेळणाऱ्यापुढे तसा एक लहान ढोल असतो. पडद्यावर तांबडा ठिपका आला की मध्यभागी मारावयाचे, निळा आला की कडेवर. दोन ठिकाणचे दोन नाद, आणि त्यांतून साऱ्या गाण्याचा ताल. जत्रेतील ढोल यंत्रात गेला, तरी त्याची ओळख पुसली गेली नाही.

हे वाचून कोणालाही हलगीची आठवण व्हावी. तीही जत्रेतीलच. एक कडे, त्यावर ताणलेले कातडे, एका हातात आखूड काठी व दुसऱ्या हातात बारीक लवचीक काडी. मध्यावर एक नाद, कडेशी दुसरा. हवेतील ओलाव्याने कातडे सैल पडले की वादक ते विस्तवावर शेकून घेतो, आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो. सातारा-सांगलीकडील लेझीम या हलगीवाचून उभी राहत नाही. हलगीचे ठेके घालून असा एखादा खेळ रचणे यांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. ठेका ध्वनिमुद्रित करावा, ठिपके मांडावेत, पडद्याचा उशीर वजा करावा, की खेळ तयार!

अडचण दुसरीच आहे. डिस्को गाण्याचा कर्ता माहीत असतो. त्याला परवान्याचे पैसे मिळतात. हलगीचा ठेका कोणी रचला हे कोणालाच सांगता येत नाही. मातंग समाजातील व अन्य वादकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, लग्नांत, यात्रांत आणि कुस्तीच्या मैदानांत वाजविला, आणि त्या मानाने त्यांना मोबदला व मान दोन्ही अल्पच मिळाले. ठेक्याला धनी नाही म्हणून तो कोणीही उचलावा व विकावा, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली एक महत्त्वाची सुधारणा झाली. तिच्यामुळे गाणाऱ्याचा वा वाजविणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मान्य झाला, आणि आज त्या हक्काची मुदत ५० वर्षांची आहे. ठेका सर्वांचा असला तरी अमुक दिवशी अमुक वादकाने तो जसा वाजविला, ते वादन त्याचे असते; ते मुद्रित करून विकावयाचे तर त्याची संमती घ्यावी लागते.

संमती घ्यावयाची तर प्रथम वादक कोण हे ठाऊक असावयास हवे. या दोन जिल्ह्यांतील यात्रांमधील हलगीची पुष्कळ ध्वनिमुद्रणे आज एका भ्रमणध्वनीवरून दुसऱ्यावर जात असतात. गावाचे नाव त्यांवर असते, देवाचे असते, कित्येकदा मुद्रण करणाऱ्याचेही असते. हलगी वाजविणाऱ्याचे नाव मात्र त्यांतील अनेकांवर लिहिलेले नसते.